रेश्माची सायकल आणि लहानूचा चिमटा

कोल्हारच्या स्टँडवरून प्रवरेच्या पुलाकडे निघालं की रसवंतीला लागून पत्र्याचं एक दुकान लागायचं. पाटीवर 'सम्राट सायकल मार्ट' असं लिहिलेलं होतं, पण तसं कुणी म्हणत नसे. सगळा गाव त्याला भिमाबाईचं दुकान म्हणायचा.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, रंगनाथचं. बारा वर्षं त्यानं ते चालवलं, आणि बारा वर्षं भिमाबाई त्याच्या शेजारी बसून पाने-पक्कड पुसत, ट्यूबला ठिगळं लावत, बेअरिंगचे छर्रे रॉकेलात धूत राहिली. एक्क्याण्णव साली रंगनाथला सुप्याच्या एका कारखान्यात वेल्डिंगचं काम लागलं. बांधलेला पगार, आठवड्याला सुट्टी. दुकान बंद करायचं, असं दोघांनी ठरवलंही. पण तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेतले एक गुरुजी पंक्चर झालेली सायकल ढकलत दारात आले. दुकान आवरायला आलेल्या भिमाबाईनं हातातला झाडू खाली ठेवला आणि चाक खोललं. दिवस मावळेपर्यंत आणखी चार सायकली आल्या. मग आवरायचं राहूनच गेलं.

सुरुवातीला बाईमाणूस पाना कसा फिरवते हे बघायला लोक रसवंतीवर उगाच बसून राहायचे. काही बागाईतदार तर सायकल दारात लावून लांबच उभे राहत. एक तर बाई, त्यात बौद्धवाड्यातली. पण सायकल नीट झाली की माणूस पुन्हा येतोच. चार-पाच वर्षांत तेच लोक तिच्या बाकावर टेकून तिच्याच किटलीतला चहा प्यायला लागले, आणि आपण कधीकाळी लांब उभे राहत होतो हे विसरूनही गेले. भिमाबाई विसरली नव्हती, पण उगाळत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

शहाण्णव सालच्या माघातली गोष्ट. सकाळी आठ-साडेआठला एक टेम्पो दुकानासमोर थांबला. त्यातून आधी उतरला आदिनाथ, पाटापलीकडच्या वस्तीवरचा तरुण शेतकरी. त्याच्यामागून त्याची बायको रेश्मा, कोपराला फडकं बांधलेली. मग दोन सायकली उतरल्या आणि शेवटी दुधाचा मोकळा कॅन घेऊन लहानू, डेअरीला दूध घालणारा, पन्नाशीकडे झुकलेला गडी.

"काय झालं गं पोरी?" भिमाबाईनं रेश्माला आधी बाकावर बसवलं.

"मावशी, पाटाच्या वळणावर धडकलो. लहानूकाका तिकडून आले, मी इकडून. दिसलंच न्हाई."

"लई लागलं का?"

"मला न्हाई. सायकलीला लागलं."

ते खरंच होतं. रेश्मा वस्तीवरच्या अंगणवाडीत सेविका होती. पहिल्या वर्षीचं मानधन साठवून तिनं ही निळी लेडीज सायकल घेतली होती, आणि घरोघर फिरणं, बैठकीला गावात येणं सगळं तिच्यावरच चालायचं. आता त्या सायकलीचं पुढचं चाक घडी घातलेल्या भाकरीसारखं दुमडलं होतं. हँडल एकीकडे, सीट दुसरीकडे. मडगार्ड चेपून चाकाच्या तारांत घुसलं होतं. बघणारा कुणीही म्हणाला असता, हिला आता उचलून भंगारात घाला.

लहानूच्या काळ्या सायकलीला मात्र ओरखडादेखील दिसत नव्हता. तो मिश्यांवरून हात फिरवत म्हणाला, "जुनं लोखंड हाय, वैनी. एक कॅन दूध सांडलं तेवढंच. माझं हँडल जरा सरळ करून द्या, म्हंजे मी जातो. उरलेलं दूध नासंल."

"दूध टेम्पोत हाय ना? टेम्पोवाला डेअरीलाच चाललाय. जाऊ द्या त्याला. तुमी बसा, लहानूभाऊ."

लहानू कुरकुरत बसला. भिमाबाईनं चहाची किटली स्टोव्हवर चढवली आणि रेश्माच्या सायकलीकडे वळणार, तेवढ्यात आदिनाथनं तिला खुणेनं दुकानामागं बोलावलं.

तो वाईट पोरगा नव्हता. पण सकाळी बायकोला पाटाच्या कडेला धुळीत बसलेली बघून तो घाबरला होता, ती भीती अजून उतरली नव्हती.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "तिला सांगा, सायकल गेली. दुरुस्त व्हनार न्हाई म्हना. तुमचं ती ऐकंल. आई तर पहिल्यापासून म्हनते, सुनेनं सायकलीवर फिरू न्हाई. आज काय झालं असतं तर?"

"तू का न्हाई सांगत?"

"माझ्याशी भांडंल."

भिमाबाईनं पदरानं हात पुसले. "हे बघ आदिनाथ, सायकलीत काय हाय-न्हाई ते मी सांगंन. गेली असंल तर गेली म्हनंन, तू न सांगता. पन बायकोनं बसावं का न्हाई, ते माझ्या पान्यात बसत न्हाई. ते तुझं तू बोल."

दोघं पुढं आली.

भिमाबाईनं निळ्या सायकलीचं मोडलेलं चाक काढून बाजूला टाकलं. त्याच्याकडे तिनं परत पाहिलंही नाही. सगळ्यांचे डोळे त्या चाकावर होते आणि ही खाली वाकून फ्रेमच्या नळ्या बघत होती. हँडलखालच्या जोडाजवळ, जिथं दोन्ही नळ्या येऊन मिळतात, तिथं तिनं अंगठ्याचं नख फिरवलं. नळी दबली असेल तर तिथला रंग सुरकुततो, पापुद्र्यासारखा सुटतो. रंग गुळगुळीत होता. मग तिनं एक लांब दोरा घेतला. पुढच्या जोडाला गुंडाळून तो दोन्ही अंगांनी मागच्या चाकाच्या बोल्टांपर्यंत ताणला आणि मधल्या, सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर बोटांनी मोजलं. एकदा मोजलं, दोरा सोडला, पुन्हा बांधून मोजलं. दोन्हीकडे दोन बोटं आणि वर एक सूत.

"मावशी, काय दिसतंय?" रेश्माला राहवेना.

"थांब गं."

तिनं चिमटा खोलला. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं तो भाग. रेश्माचा चिमटा किंचित मागं गेला होता, डोळ्याला जेमतेम कळेल इतका.

"फ्रेम शाबूत हाय," ती म्हणाली. "सगळा मार चाकानं खाल्ला. चाक नवं घालावं लागंल, चिमटाबी नवा."

"चिमटा सरळ व्हनार न्हाई का?" आदिनाथनं विचारलं.

"व्हईल की. हातोडीनं आत्ता करते. पन एकदा वाकलेला चिमटा मी सरळ करून माणसाखाली देत न्हाई. फ्रेमबद्दल इचारशील तर तिला काय झालेलं न्हाई. ही सायकल अजून धा वर्षं चालंल."

रेश्माचा चेहरा असा उजळला की आदिनाथला दुसरीकडे बघावं लागलं.

"झालं ना?" लहानू उठला. "आता माझं हँडल."

भिमाबाईनं त्याची सायकल पुढून वीतभर उचलली आणि सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. लहानूला त्यात नुसता ठप्प आवाज आला. तिला त्या आवाजामागं आणखी एक बारीक खर्रकन आवाज आला.

"चिमटा खोलावा लागंल, लहानूभाऊ."

"आता माझा कशाला? पंधरा वर्षं झाली, कधी कुरकुर न्हाई त्याची."

"मी करते ना. तुमी चहा घ्या."

चिमटा बाहेर आला तसा तिनं तो फडक्यानं लखलखीत पुसला आणि जिथं दोन पाय वरच्या नळीला मिळतात तिथं रॉकेल लावलं. चहा होईपर्यंत तसाच ठेवला. मग कोरडा पुसून त्यावर पांढऱ्या खडूची पूड चोळली. ही युक्ती रंगनाथनं तिला शिकवलेली होती. सुप्याला जोड तपासताना त्यांचा फोरमन असंच करायचा, आणि सुट्टीला घरी आला की रंगनाथ कारखान्यात जे जे नवं बघितलं ते तिला सांगितल्याशिवाय जेवत नसे.

चौघंही खडूच्या त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसली. आधी काहीच नव्हतं. लहानूनं चहाचा दुसरा घोट घेतला. मग उजव्या पायाच्या मुळाशी, केसासारखी एक ओली रेघ उमटली. हळूहळू ती ठळक झाली आणि अर्ध्या नळीभोवती फिरली.

"भेग हाय," भिमाबाई म्हणाली. "रॉकेल आत शिरलं हुतं, ते आता बाहेर आलं."

"ओरखडा असंल," लहानू म्हणाला. आवाजात आधीचा जोर नव्हता, पण हट्ट होता. "एवढ्याशा रेघंनं काय हुतंय? रोज दोन कॅन वाहतो मी ह्याच्यावर. वैनी, तुमी बसवा परत."

वस्तू त्याची होती. तो नेतो म्हणाला तर तिला अडवता येत नव्हतं. आणि नुसतं सांगून ऐकणाऱ्यांतला तो नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "शेगड्यात धरते. ह्यो पाईप ह्या पायात घाला आणि तुमीच ओढा. टिकला तर हाय तसा बसवून देते, पुन्हा शब्द काढनार न्हाई."

तिनं चिमट्याची नळी बाकावरच्या शेगड्याच्या, म्हणजे लोखंडी पकडीच्या, जबड्यात आवळली. लहानूनं पाईप घातला. पहिल्यांदा त्यानं जपून ओढलं. काही झालं नाही. त्यानं भिमाबाईकडे पाहून मिशीत हसून घेतलं आणि मग अंगातलं बळ लावून ओढलं.

मोठा आवाज झाला नाही. वाळकी फांदी मोडावी तसा कट्ट झाला आणि पाईपसकट चिमट्याचा पाय त्याच्या हातात आला. लहानू दोन पावलं मागं गेला.

भिमाबाईनं तुटलेलं तोंड उजेडात धरलं. "इकडं बघा. हा अर्धा भाग गंजून तपकिरी झालाय, आन हा अर्धा चकाकतोय. चकाकतोय तो आत्ता तुटला. तपकिरी भाग कवाचाच तुटलेला हाय, आजच्या धडकंच्या आधीपासून. पानी जाऊन गंजलाय."

लहानू बाकावर बसला. मग म्हणाला, "दूध घालून आल्यावर पुष्पीला शाळेत सोडतो मी. पुढं दांडीवर बसवून." पुष्पी म्हणजे त्याची धाकटी लेक पुष्पावती, चौथीतली. "काल उताराला ती म्हनली, बापू, जोरात सोडा. सोडली मी."

रेश्मानं स्टोव्हवरचा उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून प्यायला.

"वाचली म्हना," भिमाबाई म्हणाली. "रेश्मा धडकली म्हनून तुमी हितं आलात. न्हाई तर तुमी कशाला येताय माझ्याकडं? पंधरा वर्षांत पंक्चरशिवाय आला न्हाईत."

लहानू हसला. आधी ओशाळून, मग मोकळा. "मग मी पोरीला दूध पाजायला पायजे. कोपर फोडून घेऊन माझं भलं केलं तिनं."

दुपारपर्यंत दोन्ही सायकलींना नवे चिमटे बसले. रेश्माच्या नव्या चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डुलणं, काढायला वेळ लागला. भिमाबाई चाक फिरवायची, एखादी तार आवळायची, एखादी सैल करायची, परत फिरवायची. रिम ब्रेकच्या रबरांमधून कुठंही न घासता सुळसुळ फिरायला लागली तेव्हा ती थांबली. मग तिनं पदर खोचला, निळ्या सायकलीवर टांग टाकली आणि पुलापर्यंत जाऊन आली. धडकलेली सायकल ती स्वतः चालवून बघितल्याशिवाय कुणाच्या हाती देत नसे. येताना तिनं एकदा दोन्ही ब्रेक कचकचून दाबले, एकदा वाटेतल्या खड्ड्यात मुद्दाम घातली. दुकानापाशी उतरली आणि सायकल रेश्माच्या पुढं धरली.

रेश्मानं घेतली नाही. तिनं आदिनाथकडे पाहिलं.

तेव्हा आदिनाथ बोलला. सगळ्यांसमोर, अडखळत. "मी मावशींना सांगितलं हुतं, गेली म्हना म्हनून."

"मला म्हाईत हाय," रेश्मा म्हणाली. "दुकानामागं कुजबुज कशाची असती मग? मावशींनी दोरा लावला तवा तू देवाला हात जोडल्यासारखा उभा हुतास."

"भ्यालो मी."

"मीबी भ्याले. पन अंगणवाडीतली चाळीस पोरं वाट बघत्यात, त्यांला काय सांगू?"

भिमाबाई मधे पडली. "आदिनाथ, सायकलीचा गुन्हा न्हाई आन हिचाबी न्हाई. लहानूभाऊंचा तर न्हाईच. दोघंबी म्हनत्यात, दिसलं न्हाई. का दिसलं न्हाई?"

"वळणावर वेडी बाभूळ माजलीय," लहानू म्हणाला. "माणसाच्या वर गेलीय. समोरून बैलगाडी आली तरी कळत न्हाई."

"मग मोडीत काढायचीच हौस हाय तर ती बाभूळ काढा की!"

आदिनाथनं मान वर केली. एवढी साधी गोष्ट सकाळपासून आपल्या डोक्यात कशी आली नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

रेश्मा सायकलवरूनच घरी गेली. आदिनाथ लहानूच्या मागं कॅरिअरवर बसून गेला, आणि वळणाआधी दोघं उतरून चालले म्हणे.

पुढच्या रविवारी आदिनाथ कुऱ्हाड घेऊन पाटावर गेला, तर लहानू आधीच तिथं कोयत्यानं सपासप फांद्या पाडत होता. वस्तीवरचे आणखी तिघे-चौघे आले. उन्हं चढेपर्यंत वळण मोकळं झालं. बाभळीच्या जळणाचे भारे वस्तीवरच्या घरांनी वाटून घेतले. सगळ्यात मोठा भारा आदिनाथच्या आईनं नेला, आणि सून सायकलीवर फिरते हे ती त्यानंतर कुणाजवळ बोलली नाही.

लहानू महिन्याच्या पहिल्या सोमवारी न चुकता दुकानात यायला लागला. सायकल उभी करायची, बाकावर बसायचं आणि म्हणायचं, "वैनी, बघा जरा." भिमाबाई कधी चेनला तेल द्यायची, कधी ब्रेकची रबरं बदलायची. बहुतेक वेळा काहीच करायचं नसायचं. तसं तिनं सांगितलं तरी तो लगेच उठत नसे. दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघत बसायची. कुणाचं मागचं चाक हलतंय, कुणाची सीट खाली गेलीय, हे लहानूलाही आता दिसायला लागलं होतं. मग तो रस्त्यावरच्या माणसाला इथूनच हाक मारायचा, "ओ पाव्हणं, उतरा जरा!" आणि पाहुणा बावचळून उतरला की भिमाबाई हसत हसत पाना शोधायला आत जायची.