साडूबुवांचे ठिपके

छापलेल्या जगात रंग चारच असतात, बाकी सगळी बारीक ठिपक्यांनी केलेली डोळ्यांची फसगत, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच असेल आणि तो माझा थोरला साडू आहे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात; साडूबुवांनी रंगीत छपाईचा इतिहास अभ्यासायला घेतला. अगरबत्तीचे पुडे, बिस्किटांचे डबे, लग्नपत्रिका, छापलेलं काही दिसलं की खिशातून भिंग निघालंच. गव्हाणला एका बारशाला गेलो, तर पाळण्याकडे पाठ करून हे भिंतीवरच्या जुन्या लक्ष्मीला नाक लावून उभे. घरच्या आजी म्हणाल्या, "पाया पडायचं सोडून देवीला भिंगानं काय बघताय? तिला काय झालं हाय?"

"आजी, ही दगडावरून छापलीय. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. नुसत्या गालांना तीन लागलेत!"

मग काय, आजी बाळाआधी देवीचे गाल दाखवत सुटल्या.

दर शनिवारी सकाळी ते माझ्याकडे येत. बाकीच्या नातेवाइकांना त्यांना पाहताच गॅसवरचं दूध आठवे, त्यामुळे विद्यार्थी मी एकटाच. दोन वर्षांपूर्वी असेच आले आणि जुन्या लेबलाशेजारी वर्तमानपत्रातली जाहिरात ठेवून म्हणाले, "जुने ठिपके हातानं दिलेले, म्हणून विस्कटलेले. हे बघ आताचे, कसे शिस्तीत उभे आहेत!"

मी बघितलं. "पण मधे रांग वाकलीय की."

"वाकेल कशी? भलतंच!" ते चिडलेच. मीही हट्टाला पेटलो. तेव्हा त्यांनी मला एकेक डोळा झाकायला लावला. उजव्या डोळ्याला रांग सरळ. डाव्याला वाकडी, मधोमध पुसटसुद्धा. साडूबुवांनी भिंग खिशात टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "छपाई बरोबर आहे रे. चप्पल घाल."

"सोमवारी जाऊ की."

"चप्पल घाल म्हणतो ना!"

रिक्षात त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याला सूज आहे; आणखी काही आठवडे गेले असते, तर मधली नजर परत आली नसती. पुढे कित्येक महिने डोळ्यात इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर साडूबुवा असत. मला वाचवत नसे, तेव्हा ते छपाईवरच्या आपल्या टिपणांच्या वह्या मोठ्यानं वाचून दाखवत. आज मी दोन्ही डोळ्यांनी पेपर वाचतो.

यंदा मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. परवा फोनवर मी कधी नव्हे ते आभार मानले. ते हसले. "आभार कसले? इतकी वर्षं सगळ्यांना दाखवत आलो. दर वेळी मनापासून बघणारा तू एकटाच."

मी विषय बदलून नागपूरच्या उकाड्याबद्दल विचारलं. त्या शनिवारपर्यंत मी भिंगाला डोळा लावून नुसता "वा, वा" म्हणत असे. त्या दिवशी खरंच का बघितलं, ते मलाही ठाऊक नाही. आणि हे त्यांना सांगायचा धीर अजून झालेला नाही.