धवलारणीचा मुतखडा

माझ्या सासूबाई, येसूबाई, म्हणजे नागावच्या आमच्या आगरी लोकांची धवलारीण. लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, पण येसूबाईंनी धवला लावल्याशिवाय हळदीला कुणी हात लावत नाही. धवला म्हणजे गाऊन देवांना दिलेलं आवताण. एकेकाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलवायचं, पाटावर बसवायचं. आणि देव येऊन बसले की आपण मधेच उठायचं नाही, हा आईंचा नेम. उठावं लागू नये म्हणून लग्नाच्या दिवशी त्या पाण्याला शिवत नसत.

त्यामुळे मुतखडा झाला तेव्हा सगळ्यांचं एकच, पाणी पीत नाही, दुसरं काय! मीही तेच म्हणायचे. मी केसर, त्यांची सून, तोंडाने फटकळ. खडा काढला की पुन्हा व्हायचा. कुळथाचं कढण करून करून मला कुळीथ बघवेना. एकदा तर त्या ओटीवर गडाबडा लोळल्या, तेव्हा मी ओरडलेच, "बास झालं तुमचं गाणं! जीव जाईल एक दिवस!"

"गानं सुटलं का मना मसनात न्या," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते भलतंच वाढलेलं. मग पुढच्या तपासण्या झाल्या आणि खरा चोर सापडला. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार चिमुकल्या ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. आईंची एक ग्रंथी फुगून नको इतकी राबत होती. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडायची, आणि मग मूत्रपिंडात त्याचे खडे. हाडं ठणकायची तीही तिच्यामुळेच. कमी पाण्याने त्यात भर पडली, पण मूळ दुखणं हे.

आईंनी माझ्याकडे असं बघितलं की बास. "ऐकलास गो? माझा धवला नाय, ही मेली गल्यातली!"

पण उपाय ऐकून त्यांचं हसू मावळलं. ती ग्रंथी कापून काढायची होती. आवाजाची नस तिला अगदी लागून असते. धोका थोडा, पण आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. "खडा कमरेत आनि सुरी गल्याला? आधी नातीचं लगीन, मंग बघू," आई म्हणाल्या. तोवर मूत्रपिंड तग धरेल याची खात्री कुणी देईना.

नात म्हणजे माझी लेक प्राप्ती. ती आजीसमोर फतकल मारून बसली. "तू गायल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. आधी ऑपरेशन. तुझा आवाज येईस्तोवर मी थांबते."

"आनि नाय आला तं?"

प्राप्तीने आजीचा हात धरला. आई दुसऱ्या दिवशी तयार झाल्या.

वालाच्या दाण्याएवढी ती गाठ निघाली. आई शुद्धीवर आल्या, पण गळ्यातून नुसती फुसफुस. घरी आल्या तरी तेच. मला शिव्या घालायच्या तर त्याही हातवारे करून! बाई गं, ते शांत घर मला खायला उठायचं. हळूहळू कुजबूज सुटली, घोगरे शब्द आले, पण गाऊन बघायला त्या धजेनात.

हळदीच्या दिवशी मांडव गच्च भरला. मी त्यांच्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. पहिली ओळ फाटली. दुसरी घोगरी निघाली. तिसऱ्या ओळीला आवाज असा लागला की मागच्या बायांनी पदर डोळ्याला लावले. देवामागून देव येऊन बसले. मधे थांबून आईंनी तांब्या गटागटा रिकामा केला आणि पुन्हा सुरू केलं.

थोड्या वेळाने त्या परत थांबल्या. माझ्या खांद्यावर हात टेकून उभ्याच राहिल्या आणि रिकाम्या पाटांकडे बघून म्हणाल्या, "देवांनू, बसा जरा. डाक्तरनीनं पानी प्याया सांगितलंय. आलेच मी."

मांडव हसून लोटपोट झाला. प्राप्ती तर पाटावरून पडायची बाकी होती. मी आईंना धरून मागे नेलं आणि न्हाणीघराच्या दाराशी रडत उभी राहिले. देव उठून जाऊ नयेत म्हणून त्या बंद दाराआडून पुढचं कडवं गात होत्या, आणि ते पार मांडवात ऐकू जात होतं.