एका साखरेचा फरक

माझी थोरली बहीण रसायनशास्त्र शिकली आणि तेव्हापासून साखर जोडायचं काम करते. प्रयोगशाळेत तिला सगळे साखरबाईच म्हणतात. जंतूच्या अंगावरच्या प्रथिनाचा एक इवलासा तुकडा ती घडवते, त्यावर त्या जंतूचीच साखर बसवते आणि टोकाला चमकणारा रंग लावते. रंगामुळे तुकडा आपल्या पेशीत कुठे शिरतो ते दिसतं. लस शोधणाऱ्यांना हेच हवं असतं.

बारीक मण्यांवर एकेक कडी जोडत प्रथिनाची साखळी वाढवायची, आणि शेवटी ती ॲसिडने मण्यांवरून सोडवायची. एकदा त्या ॲसिडने नेमकी साखरच गळून पडली. रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राने सांगितलं, एका साखरेइतकं कमी आहे. सगळी मेहनत पाण्यात गेली.

त्या दिवशी ताई ताटापुढे नुसती बसून राहिली.

"जेव गं," आई म्हणाली. "उपाशी पोटी साखर चिकटते का?"

ताईला हसू फुटलं, आणि ती जेवली.

पुढच्या खेपेस तिने साखरेला रसायनाच्या टोप्या घालून ठेवल्या. ॲसिडचं काही चाललं नाही. पण आता टोप्या उतरवायच्या होत्या, आणि तिथे जरा जोर झाला तरी साखर निसटणार. नळी बर्फात धरून ती टोप्या उतरवणारं रसायन थेंबाथेंबाने सोडत राहिली. कुणी हाक मारली तरी ओ देईना.

या वेळी वजन बरोबर आलं.

सूक्ष्मदर्शक सांभाळणारी तिची मैत्रीण म्हणाली, "ते बिघडलेलंही दे. रंग लावून."

"कशाला? माझी शोभा करायला?"

"साखर नसली तर काय होतं, ते नको बघायला?"

मी ताईला आणायला गेलो, तेव्हा दोघींनी मला अंधाऱ्या खोलीत ओढलं. पहिल्या काचेवर बिनसाखरेचा तुकडा होता. पेशी काळ्या, ढिम्म. मैत्रिणीने काच बदलली. मी पुन्हा डोळा लावला. पेशींच्या आत हिरवे ठिपके उजळत होते. एक, मग शेजारी आणखी, मग पोटभर. जिवंत पेशी ताईच्या हातची वस्तू गिळत होत्या.

"एवढ्याशा साखरेवरून जंतू ओळखला? यांना शिकवलं कुणी?" मी विचारलं.

"कुणीच नाही. जन्मतः येतं," ताई म्हणाली. इतकी वर्षं ती चिमूटभर पूड करून वरच्या मजल्यावर पाठवत होती. पुढे त्या पुडीचं काय होतं, हे तिने स्वतः पहिल्यांदाच पाहिलं.

लस अजून लांब आहे, असं तीच सांगते. आता उंदरांवर तपासणी सुरू झाली आहे. त्या दिवशी घरी परतताना गाडीत ती आपल्या तळहाताकडे बघत होती.

"हे सगळं आत चालू असतं," ती म्हणाली, "आणि आपण भाजी चिरत बसतो."

पुढच्या खड्ड्यावरून मी गाडी जरा हळूच घेतली.