शकूपेक्षा एक दिवस जास्त

बुधवारी सकाळी मामांच्या शेजारच्या अन्सारीभाईंचा फोन आला, "मामा उठ नहीं रहे..." मी निजामपुऱ्यात पोहोचले तेव्हा गल्लीत लूमची खडखड नेहमीसारखी चालू होती आणि मामा शांत झोपले होते. माझ्या आईचे थोरले भाऊ, शाळेतले निवृत्त हेडक्लार्क, वय शहाऐंशी. त्याला आता दीड महिना झाला. त्या दिवशी खूप रडले मी, पण आत कुठेतरी अभिमानही होता. मामा जिंकून गेले होते.

त्यांची सगळ्यात धाकटी बहीण शकूमावशी. मामांहून बारा वर्षांनी लहान. वयाने वाढली, मनाने पाच वर्षांचीच राहिली. आजी गेल्यापासून ती फक्त मामांच्या हातचं खायची. मी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. मामा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस दवाखान्यात होते, तर या बाईने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. घरी येऊन मामांनी तिला मऊ भात भरवला, आणि जिलबीवर जीव असलेल्या या माणसाने त्याच दिवशी गोड सोडलं. मग नाचणीची भाकरी, मुगाचं कढण, सकाळ-संध्याकाळ चालणं, आणि व्हिटॅमिन, कॅल्शियम, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल... त्यासाठी सात वारांच्या सात खणांची एक डबी. आम्ही भाचरं चेष्टा करायचो, "मामा, अमर व्हायचंय का?"

"न्हाय गो." मामा मूळचे अंजूर गावचे, घरात ती बोली सुटली नव्हती. "शकूपेक्षा एक दिस जास्त. बास."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "खाणं-चालणं उत्तम, पण गोळ्यांनी आयुष्य वाढतं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. रक्तात जे कमी आहे तेवढंच घ्या." मामांनी निमूटपणे दोन बाटल्या कमी केल्या आणि उरलेल्या नेमाने घेतल्या. ते पाहून मावशीने हट्ट धरला, "मला पन गोली!" म्हणून तिलाही तशीच डबी आली. तिच्यात रंगीत बडीशेप. रोज सकाळी आधी ती, मग हे... अशी वीस वर्षं! मला वीस दिवस धड पथ्य पाळता येत नाही.

गेल्या थंडीत, एका गुरुवारी पहाटे, मावशी न्यूमोनियाने गेली. आदल्या संध्याकाळची चमचाभर पेज तिने मामांच्याच हातून घेतली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः बाजारातून जिलबी आणली. एक कडं सावकाश खाल्लं. "जमला गो..." एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला उठले. हे जमवलं ते भाकरीने, कॅप्सूलनी की नुसत्या हट्टाने, मला अजून कळलेलं नाही. मी थक्क आहे, एवढंच खरं. त्यानंतर ते चार महिने जगले.

परवा त्यांची खोली आवरताना खिडकीत दोन्ही डब्या शेजारी शेजारी दिसल्या. मामांच्या डबीत गुरुवारपासूनचे खण भरलेलेच होते. मावशी गेली त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती. मग मी मावशीची डबी उघडली. सोमवार आणि मंगळवार रिकामे होते. बुधवारपासून पुढे नवी रंगीत बडीशेप भरलेली होती. मामा गेले तोही बुधवारच.