कस्तुरबाईंचा संथ आवाज

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही – आणि तिच्यापासून मी आयुष्यात फारसे काही लपवलेले नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? नीटसे मलाही कळत नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून चूक कबूल करणे मला कधी जमले नाही. वर्गात शिकवत असताना फळ्यावर काही चुकीचे लिहिले गेले, तर मी ते बोलून न दाखवता, हळूच पदराने पुसून टाकत असे.

नांदेडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून मी निवृत्त झाले. त्याच सुमारास बहिणीच्या मुलीला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला क्लास लावला, आणि तिच्या सोबतीला मी आले. दारोदारी क्लासच्या पाट्या असलेल्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. भाची उजाडताच क्लासला जाई, ती दिवेलागणीला परत येई. रिकाम्या दिवसाचे करायचे काय? उतारवयात मी संगणकाच्या वर्गात नाव घातले. शेजारची मुले मला आजी म्हणत; त्यांना काही विचारायची मला लाज वाटे. दोष तिथे सुरू झाला का? की तो आधीपासूनच होता?

जवळच्या वाचनालयात जुन्या कॅसेटी होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बायकांशी कार्यकर्त्यांनी केलेल्या बातचिती. निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या यंत्रांवर त्या संगणकात उतरवून ठेवल्या होत्या. आवाज साठवताना संगणक दर सेकंदाला त्याचे हजारो नमुने घेतो; किती घेतले, तो आकडा म्हणजे नमुनादर, आणि तो फाईलच्या माथ्यावर नोंदलेला असतो. सगळ्या फाईली एकाच दरावर आणून द्यायच्या, असे ते काम. मी ते हौसेने मागून घेतले.

वरकरणी सोपे होते. फाईली एकदम निवडायच्या, बटण दाबायचे आणि बसून राहायचे. पण काही फाईलींपाशी गाडी अडली. लाल अक्षरांत एरर – मूळ नमुनादर सापडत नाही. पुन्हा बटण दाबले, पुन्हा तेच. फाईलींची नावे मराठीत आहेत म्हणून? नावे बदलली. डिस्कवर जागा कमी आहे म्हणून? जागा केली. संगणक बंद करून चालू केला. मग एका कोपऱ्यात एक रिकामा चौकोन दिसला – मूळ दर ठाऊक असल्यास तुम्हीच भरा. मला कुठे ठाऊक होता? पण बाकीच्या फाईलींवर ४४,१०० होता, तोच मी भरला. लाल अक्षरे नाहीशी झाली. उत्तर येत नसले तरी जागा कोरी सोडू नका, असे मीच मुलांना जन्मभर सांगत आले होते.

फाईली वाजू लागल्या. एकच गोष्ट खटकली. साठ मिनिटांच्या त्या कॅसेटच्या एका बाजूवर तीस मिनिटे मावतात, आणि तिच्यातून जवळजवळ तेहेतीस मिनिटांचे बोलणे निघाले होते. हे कसे व्हावे? त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. मग फाईल मिटली.

त्या अडलेल्या फाईलींपैकी एक कस्तुरबाईंची होती. आणि कस्तुरबाई म्हणजे – आम्ही जिथे जेवत असू, त्या खानावळीच्या महानंदाताईंची आई. भूकंप झाला तेव्हा महानंदाताई उदगीरला वसतिगृहात शिकत होत्या, म्हणून वाचल्या. वडील आणि धाकटा भाऊ गेले. आई ढिगाऱ्यातून निघाली, पुढे दोनेक वर्षे शेडमध्ये राहिली आणि तीही गेली. पण महानंदाताई आईची आठवण कशी काढत, ठाऊक आहे? नक्कल करून. एखादे पोर ताटावर पेंगू लागले, की आईच्या थाटात एका दमात सुरू होत – “आवर की रं, भाकर निवून चालली, घास घे, पाणी पी, का तुझ्यासाठी वाजंत्री लावू?” सगळी पंगत हसे. “शेडात राहून बी माय आमाला हसवायची,” असे त्या सांगत. तेवढीच शिल्लक त्यांच्यापाशी होती.

त्यांना आनंद होईल म्हणून ती फाईल मी त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिली. दुपारी पंगती उठल्यावर तेलाच्या पालथ्या डब्यावर बसून त्या ऐकू लागल्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा – कसा सांगू? अनोळखी घरात शिरल्यासारखा झाला.

“मॅडम, आवाज तिचाच वाटून राहिला, पण माय अशी ओढून न्हाई बोलायची. लई चटचट बोलायची. शेजारीण म्हणायची, कस्तुर, दम खा, यष्टी सुटून चालली का तुझी?”

मला ती तेहेतीस मिनिटे आठवली. चूक काय आहे हे मला ठाऊक होते का? नव्हते. पण चूक आहे, आणि ती माझ्या हातची आहे, एवढे त्या क्षणी उमगले होते. ‘तपासून सांगते’ – दोन शब्द. ते का निघाले नाहीत?

मी म्हणाले, “इतक्या वर्षांनी आवाज नेमका लक्षात राहत नाही, महानंदाताई. आणि भूकंपाचा धक्का बसलेली माणसे अशीच बोलतात.”

आमच्याकडे भूकंपाच्या नावावर काहीही खपते. भिंतीची चीर, माणसाचा अबोला, अर्धवट सुटलेली शाळा. मी त्यात एका बाईचा आवाज ढकलून दिला.

त्यांनी मान्य केले. मी मॅडम होते ना. मग त्या म्हणाल्या, “म्हंजी मी सुट्टीला गेल्यावर माझ्यापुरतीच हसायची म्हना. मागं अशी राहायची. मला कळलंच न्हाई.”

तेव्हाही बोलता आले असते. मी भाचीचा डबा उचलला आणि घरी आले.

पुढे माहिती शोधून काढली, बरीचशी चुकतमाकत. त्या फाईली ४८,००० वर उतरवलेल्या होत्या. आकडा कमी भरला की आवाज रेंगाळतो आणि खाली उतरतो – इतकेच होते ते. मूळ फाईल शाबूत होती. खरा आकडा भरून ती पुन्हा बदलायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. तीस मिनिटे भरली. कस्तुरबाई त्यात झरझर बोलतात, मुलाखत घेणाऱ्यालाच म्हणतात, “लिवून घे की, माझ्या तोंडाकडं काय बघून राहिलास?” आणि हसतात. पत्र्यावर चिमण्या नाचाव्यात तसे हसतात.

वाचनालयातल्या फाईली मी गुपचूप बदलल्या. फळ्यावरची चूक पुसावी तशा. महानंदाताईंच्या मोबाइलमधली राहिली. ती बदलायची, तर त्यांना सांगावे लागले असते. त्यानंतरही त्यांच्या हातची भाकरी मी कित्येक महिने खाल्ली. खरी फाईल माझ्या संगणकात आहे, आजही आहे.

भाचीला प्रवेश मिळाला, खोल्या सोडल्या. शेवटच्या दिवशी खानावळीत जेवायला बसलो. समोर एक नवे पोर होते, चाकूरकडचे. ताटात हात ठेवून नुसतेच बसलेले. महानंदाताई त्याच्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवला आणि आईच्या आवाजात बोलू लागल्या – सावकाश, एकेक शब्द ओढत, खालच्या पट्टीत. “आवर की रं... भाकर... निवून चालली.”

कोणी हसले नाही. पोराने घास घेतला. मी माझ्या ताटातले संपवले, हात धुतले आणि नांदेडच्या गाडीत जाऊन बसले.