तिसऱ्या आठवड्याचं रीडिंग

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मी मास्टर्स करत होतो, तेव्हा आपल्याकडून दर सेमिस्टरला विद्यार्थ्यांची नवी लाट यायची. तरी आमच्या पॉलिमर लॅबमध्ये मराठी बोलणारे दोघंच होतो. मी पुण्याचा आणि माझी लॅब पार्टनर वसईची. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, रंगाच्या कारखान्यात नोकरी करून शिकायला आलेली. तिच्या हाताला शिस्त होती. मला घाई होती.

आमचा प्रयोग तसा साधा होता. पाण्यात विरघळवलेलं एक पॉलिमर चार आठवडे गरम कपाटात ठेवायचं. दर गुरुवारी त्यातलं थोडं काचेच्या बारीक नळीतून सोडायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं, तेही तीनदा. रेणूंच्या साखळ्या जितक्या लांब, तितकं द्रावण सावकाश उतरतं. त्या सेकंदांवरून आधी व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, काढायची आणि तिच्यावरून रेणुभार. उष्णतेने साखळ्या तुटू लागल्या की वेळ कमी होणार.

पहिल्या दोन आठवड्यांत वेळ जेमतेम एखाद्या सेकंदाने घटला. तिसरा गुरुवार माझा होता. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, मित्र म्हणाले, चल बीचवर. मी गेलो. संध्याकाळी खोलीवर बसून आधीच्या दोन आकड्यांच्या रेषेत बसेल असा तिसऱ्या आठवड्याचा आकडा वहीत तीनदा लिहून टाकला.

चौथ्या गुरुवारी तिने मोजलं, तर वेळ एकदम खाली आलेला. ट्युटरने आलेख पाहिला आणि तिलाच म्हणाला, "तुझी नळी नीट धुतलेली नसणार. पुन्हा कर. सोमवारी रिपोर्ट हवा."

मी शेजारीच उभा होतो.

त्या रविवारी सिडनीत तिच्या भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. सकाळच्या ट्रेनने ती जाणार होती. त्याऐवजी शनिवार-रविवार लॅबमध्ये बसली. नळी धुतली, वाळवली, पुन्हा मोजलं. "भाऊ चिडलाय रे," शनिवारी फोनवर म्हणाली, "पण माझं कुठे चुकतंय तेच कळत नाहीये." मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." हे वाक्य आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सोमवारी लॅबमध्ये शिरलो, तर ती रिपोर्टच्या शेवटी 'चौथ्या मोजणीत माझी चूक असू शकते' असं लिहीत होती. मग मात्र माझ्याने राहवेना.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो. "तिसरं रीडिंग मी घेतलंच नव्हतं."

तिने पेन खाली ठेवलं. "काल दुपारीच कळलं मला. तुझे तिन्ही आकडे दशांशापर्यंत सारखे आहेत. माणसाच्या हाताने असं कधी येतं का?"

"मग ट्युटरला का नाही सांगितलंस? आणि हे चुकीचं काय लिहितेयस?"

"तू ते मला लिहू देतोस का, ते बघत होते."

मी तडक ट्युटरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने मला शून्य दिलं आणि तिचे मार्क वाढवले. तिसऱ्या आठवड्यातच साखळ्या भराभर तुटू लागल्या असणार, असं तो म्हणाला. नेमक्या कधी, ते मात्र कुणालाच सांगता येईना. त्या आठवड्याचं द्रावण आता मिळणार नव्हतं. आलेखावर ती जागा रिकामीच राहिली.

पुढच्या सेमिस्टरला तिने दुसरी पार्टनर घेतली. माझ्याशी बोलणं मात्र तिने तोडलं नाही. कॉरिडॉरमध्ये दिसली की विचारायची, "जेवलास का?" मी "हो" म्हणायचो आणि तिच्याकडे न बघताच पुढे जायचो.