अण्णांची बारा चाकी

आमच्या थोरल्या दिरांना, अण्णांना, जगात माणसं अशी दिसतच नव्हती; दिसायच्या त्या गाड्या. बेळगावजवळच्या मच्छे गावात, ट्रकांच्या वजनकाट्यावर त्यांचं सारं आयुष्य गेलं. सहा चाकीची पासिंग साडेअठरा टन, दहा चाकीची साडेअठ्ठावीस, हे ते आरतीसारखं म्हणायचे. पासिंग म्हणजे गाडीनं जास्तीत जास्त किती वजनानं रस्त्यावर चालायचं त्याची हद्द. ती दारावर रंगवलेली असते, आणि गाडीचं स्वतःचं वजनही तिच्यातच धरायचं. "लोक तेवढंच इसरत्यात," असं ते दर वेळी म्हणायचे. लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून हळूच सांगायचे, "व्याही छोटा हत्ती हाय, चार चाकी टेम्पो. ईहीण दहा चाकी." अंगानं काडी असलेल्या माझ्या सासूबाईंना त्यांनी बारा चाकीत घातलं होतं. "पोट बघू नगा, चाकं मोजा." मी नवी सून असताना डोक्यावर दोन घागरी आणि काखेत एक घेऊन आले, तेव्हा ते दारातच आडवे आले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, हिचं सोताचं वजन धरलंयस काय?" त्या दिवसापासून तिसरी घागर ते स्वतः आणू लागले. गल्ली हसली. मी मात्र त्यांच्यापुढं कधी तोंड उघडलं नाही; काही सांगायचं तर दाराआडून, तेही नवऱ्याकरवी.

गेल्या वर्षी त्यांचं उजवं अंग गेलं. दवाखान्याच्या काट्यावर बेचाळीस किलो भरले. आकडा त्यांनी स्वतःच वाचला, आणि घरी येऊन जेवण सोडलं. असंच चाललं तर आठवडा कठीण, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्यानं पाय धरले. अण्णा भिंतीकडं तोंड करून बोबडं बोलायचे, "रिकाम्या गाडीला डिझेल कशाला?"

तिसऱ्या दिवशी मी पेजेची वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"अण्णा, रिकामी झाली म्हणून बारा चाकीची पासिंग कमी हुतीया काय? तुमीच सांगत आलासा, काट्यावर भरतंय ते येगळं, दारावर लिवलंय ते येगळं."

त्यांनी भिंतीकडची मान माझ्याकडं वळवली.

"मला बारा चाकीत कुणी घातलं गं?"

"मी."

त्यांनी तोंड उघडलं. चार चमचे घेतले. पाचव्याला डावा हात आडवा केला. "बास. ओव्हरलोड."

त्यानंतर उन्हाळाभर ते होते. आता बेळगावला जाताना मच्छ्याच्या काट्यावर रिकामी गाडी उभी दिसली की बसच्या खिडकीतून मी तिची चाकं मोजते. बारा भरली तर डोक्यावरचा पदर सारखा करते.